मोखलिसमियांचा ह

३ जुलै २०२५, गुरुवार

आजपासून मोखलिसमियांचं काम माझ्याकडे आलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार आहेत, अशा माणसांचा आवाज आम्ही वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात आधीच साठवून ठेवतो. हजारेक वाक्यं वाचून घ्यायची, त्यावरून यंत्राला तो आवाज शिकवायचा. पुढे माणूस टॅबवर टाइप करतो आणि टॅब त्याच्या आवाजात बोलतो. इंग्रजी, मँडरिन, तमिळ झालं. सिल्हेटी पहिल्यांदाच. बांगलादेशाच्या ईशान्य कोपऱ्यातली बोली. मी तिला बंगालीची बहीण म्हणाले तर मिया हळूच म्हणाले, "अलग जुबान है, मॅडम." म्हटलं, असेल बाबा.

वय एकोणसाठ. शिंपी. लिटल इंडियाच्या एका गल्लीत एकतीस वर्षं मशीन चालवताहेत. बायको रुशनारा तिकडे मौलवीबाजारकडच्या गावात. दोनदा आली होती, चौदाव्या मजल्यावर जीव घाबरला म्हणून परत गेली. रोज दुपारी दोन वाजता फोन. "हमारा पूरा घर-संसार फोन पे हुआ," मिया म्हणाले. तिला लिहितावाचता येत नाही, म्हणजे मेसेजचा उपयोग नाही. आवाज गेला की संसारच गेला, इतकं सरळ गणित आहे.

ऑपरेशन पाच ऑगस्टला. घसा आत्ताच बसलेला आहे, दिवसेंदिवस जास्त बसणार. वाक्यांची यादी ढाक्याच्या एका संस्थेकडून मागवली आहे, छान शुद्ध बंगालीत. नेटकं काम करून दाखवायचंय. नेटकेपणात मला कोण हरवणार?

८ जुलै, मंगळवार

मिया वाचताना शब्दातला मधला ह खातात! 'शहर' म्हणायचं तर 'शॉर', 'बाहिर' म्हणायचं तर 'बाइर'. सगळीकडे तेच. यादीत ह आहे, आवाजात नाही, त्यामुळे यंत्र गोंधळतं आणि लाल खूण करतं. आज मोजल्या, दोनशे बारा लाल खुणा.

मी त्यांना समजावलं की आपल्याला स्पष्ट आवाज हवा, ह नीट म्हणा. ते म्हणाले, "जी मॅडम." मग पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखं वाचलं. एकही ह सुटला नाही. मी खूश. उद्या ती दोनशे बारा वाक्यं पुन्हा घेऊ.

घरी वेगळीच काळजी. आई मे महिन्यात आर्वीहून आली तेव्हा आमच्या हौगांगच्या मार्केटमध्ये मासेवालीशी हातवारे करून भांडायची, घरी आल्यावर तासभर त्याचीच कथा. आता दोन महिन्यांत गप्प झाली. विचारलं तर मान हलवते. नवरा, उज्ज्वल, पर्थच्या प्रोजेक्टवर गेल्यापासून तर जेवणाच्या टेबलावर मी आणि माझी लेक जान्हवीच बोलतो. आज आई एवढंच म्हणाली, "मले भात नाई पायजे." मी सवयीनं म्हटलं, "आई, 'मला नको' म्हण. जान्हवी तुझं ऐकून शिकते." जान्हवी लगेच, इथल्या मुलांच्या इंग्रजीत, "या लाह आजी, से इट प्रॉपरली." आईनं ताट उचललं आणि आत गेली.

वयामुळे असेल. कदाचित ऐकू कमी येत असेल, म्हणून बोलणं कमी झालं असेल. कानाची तपासणी करून घ्यायला हवी.

९ जुलै, बुधवार

दोनशे बारापैकी एकशे चाळीस झाली. मियांनी मध्येच विचारलं, "मॅडम, और कितना बार बोलूँ?" घसा खरखरत होता. मी गरम पाणी दिलं आणि म्हटलं, बस, थोडीच राहिली. माझं मलाच जरा कसंसं झालं, पण काम म्हणजे काम.

१५ जुलै, मंगळवार

आईचे कान ठणठणीत आहेत. तपासणारी मुलगी म्हणाली, "आंटीला माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं." मग गप्प का? बस स्टॉपवर मी दोन-तीनदा विचारलं, तुला करमत नाही का, परत जायचंय का. तिनं जरा थांबून, शब्द निवडून उत्तर दिलं, "नाही. मला इथे बरं वाटतं." अगदी शुद्ध. मी म्हटलं, किती छान बोललीस. ती हसली, पण नीट हसली नाही. काय बिनसलंय देव जाणे. म्हणजे आमच्याकडे देव नाही, पण म्हणायची सवय.

इकडे अकराशे चाळीस वाक्यं पूर्ण. एकही लाल खूण नाही. सुलेखा आमची टीम लीड, डोंबिवलीची, कौतुकात महा कंजूस. ती म्हणाली, "इतकी स्वच्छ फाइल मी पाहिली नव्हती." हवेतच घरी आले.

१८ जुलै, शुक्रवार

काय लिहू.

यंत्राचा आवाज तयार झाला. दुपारी दोनला मियांनी रुशनाराबाईंना व्हिडिओ कॉल लावला, पण नुसत्या आवाजावरून ओळखतात का ते पाहायला कॅमेरा भिंतीकडे वळवला, आणि टॅबवर मी मियांचं पहिलं वाक्य टाकलं, 'मी बोलतोय, बरा आहे.' टॅब बोलला. आवाजाची जात मियांचीच, खर्ज तोच, खरखर तीच. मी मनात पेढे वाटले.

 पलीकडून बाई एकदम अदबीनं बोलल्या. सलाम केला, आणि विचारलं की साहेब आपण कोण बोलताय, आमच्या घरच्यांना काही झालंय का? तुम्ही दवाखान्यातून बोलताय का? मियांनी घाईनं कॅमेरा फिरवला. तोवर बाई रडायला लागल्या होत्या. कुणीतरी मोठा अधिकारी नवऱ्याच्या मरणाची बातमी द्यायला बोलतोय असं त्यांना वाटलं.

 निघताना मिया फक्त म्हणाले, "रेडिओ का आदमी जैसा लगता है, मॅडम." लिफ्टचं दार बंद झालं आणि मला जाणवलं की आता अठरा दिवस उरलेत, आणि माणसाचा आवाज तर रोज झिजतोय.

२० जुलै, रविवार

काल दिवसभर फायली उघडून बसले. मियांनी वाचलेली पहिली वाक्यं मी पुसली नव्हती, नशीब. दोन्ही शेजारी ठेवून पडद्यावर आवाजाच्या चढउताराची रेघ पाहिली. पहिल्या वाचनात जिथे ह नाही, तिथे रेघ वर उडी मारते. शब्दभर आवाज जरा चढतो आणि मग उतरतो. ह गेला, पण जाताना जागेवर खूण ठेवून गेला. मी करून घेतलेल्या दुसऱ्या वाचनात ह आहे, आणि रेघ सपाट. रुशनाराबाई एकतीस वर्षं ती उडी ऐकत आल्या आहेत. मी ती चूक म्हणून दुरुस्त केली. दोनशे बारा वेळा.

आज मियांच्या दुकानात गेले. माफी मागायला असं ठरवलं नव्हतं, पण मागितली. ते एका लेहंग्याला अस्तर लावत होते. म्हणाले, शाळेत मास्तर ह खाल्ला की वेताची छडी मारायचे. तेव्हापासून शिकलेल्या माणसासमोर आपोआप ह येतो. "आप पढ़ी-लिखी हैं, मॅडम. आपके सामने जुबान सीधी हो जाती है. मैं क्या करूँ?"

म्हटलं, मग आता माझ्याशी तसंच बोला, घरच्यासारखं. त्यांनी प्रयत्न केला. तीन वाक्यांनंतर पुन्हा पाठ ताठ. दुकानातल्या बाकीच्या कारागिरांशी बोला म्हटलं तर ते सगळे तमिळ. सिल्हेटचा इथे ओळखीचा एक जण आहे, तो जहाजाच्या कामावर, सप्टेंबरात येणार. आणि बायकोशी फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करू का विचारलं तर मियांनी कानाला हात लावले. "वो हमारा बात है." बरोबरच आहे.

आता समोर कुणाला बसवायचं?

२२ जुलै, मंगळवार

आज आई ऑफिसात आली होती. जान्हवीचा शाळेचा कॅम्प, घर रिकामं, सकाळी मी बूट घालत होते तर ही साडी नेसून दारात उभी. पर्स हातात. म्हटलं, चल.

तिला पँट्रीत बसवलं आणि मी मीटिंगला गेले. मियाही वेळेआधी येऊन तिथेच बसले होते. पंचवीस मिनिटांनी काचेतून पाहते तर आईच्या साडीचा फॉल मियांच्या मांडीवर. फॉल उसवला होता म्हणे. शिंप्याच्या खिशात सुई असणारच. मिया खाली मान घालून टाके घालताहेत, आई पदर धरून बसली आहे, आणि दोघं बोलताहेत! तो सिल्हेटीत, ही वऱ्हाडीत. हिंदी नाही, काही नाही. त्याला ही कळत नाही, हिला तो कळत नाही, आणि तरी गप्पांना खळ नाही. मी दार जरासं उघडलं. मिया म्हणत होते, कुठलंतरी काहीतरी 'बाइर'. आवाज चढला आणि उतरला. ती उडी!

आई म्हणत होती, "हो ना भाऊ, बायेर लय ऊन हाय."

मी दार पुन्हा लावलं.  सुलेखाला ओढून आणलं. तिनं काचेतून बघून एवढंच विचारलं, "तुझ्या आईला उद्यापासून रोज आणशील?"

२३ जुलै, बुधवार

पद्धत ठरली. दोघांच्या कॉलरला माइक. मियांचा आवाज पहिल्या ट्रॅकवर, आईचा दुसऱ्यावर. दुसरा ट्रॅक शेवटी पुसायचा असतो, तो नुसता आधाराला. मी खोलीत थांबायचं नाही, कानाला हेडफोनही नाही, ही सुलेखाची सक्त ताकीद. मशीन लावायचं आणि निघून यायचं. मियांना शिवायला काहीतरी द्यायचं, हात कामात असले की जीभ सैल सुटते. त्यासाठी मी घरातले उसवलेले सगळे कपडे आणले. उज्ज्वलच्या विजारीसुद्धा.

आईला समजावलं की काकांचा आवाज जाणार आहे, त्याआधी त्यांना भरपूर बोलतं करायचंय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मले कसं बोला लागन? तुयासारखं?" म्हटलं, नाही नाही, तुला येतं तसं. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

२५ जुलै, शुक्रवार

आई सकाळी सहापासून स्वयंपाकघरात. मियांना गिळताना त्रास होतो हे माझ्या तीन आठवड्यांत लक्षात आलं नव्हतं, तिच्या पहिल्याच दिवशी आलं. तांदळाच्या कण्यांची पातळ पेज, मीठ आणि किंचित जिरं. थर्मासमध्ये भरून नेते. मिया निम्मी पितात आणि निम्मी नेतात.

MRT ट्रेनमध्ये मी विचारलं, काय बोलता गं एवढं? म्हणाली, "काही नाही, असंच." मला मात्र शुद्धच उत्तर. तिकडे काय बाई मैफल रंगते!

२९ जुलै, मंगळवार

चार दुपारी झाल्या, साडेनऊ तासांचा आवाज. फक्त मियांचा ट्रॅक चाळला. त्यात हसणं आहे, खोकला आहे, दोऱ्याचा तुकडा दातानं तोडणं आहे, आणि ती उडी शेकड्यांनी आहे. मियांचा घसा आता फार ओढतो. सुलेखा म्हणते अजून दोन दुपारी, मग पुरे.

३१ जुलै, गुरुवार

आजची नोंद कुणी वाचू नये.

रेकॉर्डिंग संपलं. सकाळी घरून काम केलं, आई खाली मार्केटला गेली होती. दोन्ही ट्रॅक वेगळे करायचे, दुसरा पुसायचा. पुसण्याआधी वेळा जुळतात का ते पाहायला म्हणून मी दुसरा ट्रॅक मध्येच कुठेतरी लावला. माझीच आई बोलत होती. पण ही आई मला वीस वर्षं माहीत नाही. भरभर, खळखळून, मध्येच टाळी. बाबा म्हणजे शिवदास मास्तर सायकलवरून नाल्यात पडले होते ती गोष्ट, शाळेत खिचडी शिजवताना मुलं चुलीभोवती कशी कडं करायची, आर्वीच्या बाजारात वांगी कुठली घ्यावीत. मी हसत ऐकत बसले. काम राहिलं बाजूला.

मग जरा वेळ सुईचा, कापडाचा आवाज, आणि आई म्हणाली,

"इथं मले बोलाले बरं वाटते, भाऊ. घरी म्या गुमान राह्यतो. मी बोललो का पोरगी चुका काढते. तिचं बी खरं हाय. पुन्याच्या होस्टेलात पोट्ट्या लय हासल्या व तिले, मले-तुले म्हने म्हनून. रडत रडत पत्र धाडलं होतं तिनं मले, का आई, तू मले बोलाले काऊन नाई शिकवलं. आता म्या काय शिकवू? मले येते तेच शिकवलं. मंग ते शिकली, लय कष्टानं शिकली. आता तिची पोरगी माह्यं ऐकून बिघडन, हे भ्या वाटते तिले. मंग म्या इचार केला, चूप राह्यलेलं बरं. दोन-तीन महिन्याची तं गोठ हाय."

मिया म्हणाले, "ऑय, बइन. ऑय." त्यांच्या भाषेत हो. त्यांना एक अक्षर कळलं नसेल. तरी किती जपून म्हणाले.

ते पत्र मी लिहिलं होतं. सतरा वर्षांची होते. आईनं त्याचं उत्तर दिलं नव्हतं, सुट्टीत घरी गेले तेव्हा नुसतं डोक्यावरून हात फिरवला होता. मी पुढे सगळं घासून पुसून टाकलं, मले गेलं, पायजे गेलं, आणि स्वतःला शाबासकी दिली. मग घासायला दुसरं काही उरलं नाही म्हणून आईला घासायला घेतलं. वर तिचे कान तपासून आणले!

मी खूप रडले. दार वाजलं तेव्हा तोंड धुऊन आले. आईनं पिशवीतून कोथिंबीर काढली आणि विचारलं, "डोळे का लाल आहेत?" तिचा तो एकेक शब्द जपून टाकलेला ऐकून मला पुन्हा भरून आलं. सर्दी झाली म्हणाले.

दुसरा ट्रॅक पुसला नाही. नियमात बसत नाही. सुलेखाला फोन करून सांगून टाकलं की त्या ट्रॅकमध्ये माझी आई आहे, मला तो हवाय. ती म्हणाली, "आईची परवानगी घे, आणि घेऊन जा."

२ ऑगस्ट, शनिवार

परवानगी मागायची म्हणजे ऐकल्याचं सांगायचं. दोन दिवस धीर झाला नाही. आज दुपारी आई भेंडी चिरत होती, जान्हवी टेबलावर चित्र काढत होती. मी समोर बसले आणि म्हटलं,

"आई, मले लय भूक लागून राह्यली हाय व."

आईची सुरी थांबली. जान्हवीनं वर पाहिलं. मी पुढे रेटलं, "म्या तुले मदत करू काय? मी भेंडी चिरून राह्यतो."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती! इतकी हसली की सुरी खाली ठेवून पदर तोंडाला लावला. "अव माय! कोनत्या गावची हायेस व तू? 'लागून राह्यली हाय' असं कोन म्हनते? 'भूक लागली मले' म्हन. सारं राह्यली-राह्यली नसते करत!"

मी म्हटलं, बरं, 'भूक लागली मले.' ती म्हणाली, हा, आता कसं. जान्हवी विचारत होती, "वॉट इज सो फनी? मम्मा, टेल लाह!" आईनं तिलाही शिकवलं, 'मले पायजे' म्हणायला. जान्हवीचं पहिल्याच फटक्यात माझ्यापेक्षा चांगलं आलं, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

मग मी खरं सांगितलं. की मी तुझं बोलणं ऐकलं, ते सगळं ऐकलं. मी चुकले, आई. आई बराच वेळ भेंडीची देठं एका बाजूला करत राहिली. म्हणाली, "चुकली तं चुकली. मायच हाय मी तुयी." आणि जरा थांबून, "पन त्या भाऊले नको सांगू का मी घरच्या गोठी सांगतल्या. काय म्हनतीन ते?"

रेकॉर्डिंग ठेवायची परवानगी दिली. एका अटीवर, बाबा नाल्यात पडल्याची गोष्ट कुणाला ऐकवायची नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

नवीन आवाज तयार आहे. मियांनी ऐकला, मान एकीकडे कलती करून, कापड पारखावं तसा. मग म्हणाले, "मालूम नहीं, मॅडम. अपना आवाज आदमी को कहाँ मालूम होता है? वो बताएगी." पण आता बाईंना आधी ऐकवून पुन्हा घाबरवायचं नाही, असं ते म्हणाले. ऑपरेशननंतर जे होईल ते.  म्हणजे आता दुरुस्तीला वाव नाही.

ऑफिसातूनच मिया दवाखान्यात भरती व्हायला निघणार होते. दोन वाजले. त्यांनी विचारलं, रेकॉर्डिंगची खोली रिकामी आहे का? तिथे आवाज बाहेर जात नाही म्हणून. मी मशीन बंद केलं, तार काढून त्यांच्या हातात दिली, म्हणजे खात्री पटावी. पन्नास मिनिटं ते आत होते. आई आणि मी बाहेर बाकावर बसलो. आई पूर्ण वेळ माझा हात धरून होती.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऑपरेशन सात तास चाललं. डॉक्टर समाधानी आहेत असं दुकानाच्या मालकांनी कळवलं. आई म्हणाली, "उद्यापासून पेज न्याची का?" मी सांगितलं, आता काही दिवस नाकातल्या नळीतूनच. तिनं तांदळाचा डबा परत फडताळात ठेवला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज मी आणि आई दवाखान्यात गेलो. नऊ तारखेच्या राष्ट्रीय दिनाचे झेंडे अजून सगळ्या इमारतींवर लटकताहेत. मिया खाटेवर टेकून बसले होते, गळ्याला पट्टी, नाकात नळी, अर्धे झालेत. आईला पाहून हात जोडले. आईनं नेहमीसारखी सुरुवात केली, "कसं काय भाऊ, बरं हाय ना?" आणि उत्तर येणार नाही हे लक्षात येऊन एकदम थांबली. मियांनीच खुणेनं सांगितलं, बोला, तुम्ही बोला. मग ती बोलत राहिली.

दोनला पाच कमी असताना मी टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटं सुईला सरावलेली, अक्षरांना नाही, एकेक अक्षर शोधायचे. फोन मी धरला. व्हिडिओ नको म्हणाले, नळी दिसेल. नऊ दिवस दुकानाच्या मालकांनीच तिकडे खुशाली कळवली होती. फोन लागला. या दीड महिन्यात मला सिल्हेटी थोडंफार कळायला लागलंय, निम्मं शब्दांवरून, निम्मं सुरावरून. त्यामुळे जे लिहिते ते माझ्या समजेप्रमाणे.

मियांनी टाइप केलं, टॅब बोलला, मी आहे, ऑपरेशन झालं, सगळं ठीक.

  आईनं माझा दंड धरला. मग बाईंनी विचारलं, नऊ दिवस फोन का नाही केला? अदब नाही, सलाम नाही. त्यानंतर जी सुरुवात झाली! पावसानं मागचा बांध फुटला, शेजाऱ्याच्या बकऱ्यानं लाल भाजी खाल्ली, थोरल्या जावयानं ईदला दिलेला कुर्ता घट्ट होतो, त्याचं माप तुम्हीच घेतलं होतं ना? मियांना टाइप करायला वेळ लागला की त्या ओरडायच्या, ऐकताय ना? मिया घाईघाईनं अक्षरं शोधायचे. घामाघूम झाले बिचारे. पण चेहरा असा की मी दुसरीकडे पाहिलं.

शेवटी बाईंनी विचारलं, जेवलात का?

मियांनी नाकातल्या नळीला हात लावला. नऊ दिवस त्यांनी घास तोंडात घेतलेला नाही. त्यांनी टाइप केलं, आणि टॅब त्यांच्या आवाजात म्हणाला, हो, जेवलो, भात आणि मासे.

 मग रुशनाराबाई हळू आवाजात बोलल्या. मी नीट ऐकलं, पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं, चूक नाही. त्या म्हणाल्या,

"खोटं बोलताय. तुमच्या आवाजावरून कळतं मला."